खडोलीची राहिलेली काच

सोम., ५ जाने.
कामाचा पहिला दिवस. हे गेल्यावर ठेकेदाराने यांच्या जागी मला घेतलं. जागा तीच, काम वेगळं. आता इमारतींच्या काचा धुवायला दोराच्या पाळण्यात बसून कुणी वर जायचं नाही. खाली उभं राहायचं, हातात लांब काठी, टोकाला ब्रश, काठीच्या आतून पाणी. ही सोय दसऱ्याआधी आली असती तर... असं सामरवरणीच्या आमच्या चाळीत प्रत्येक जण एकदा तरी म्हणून गेलाय. मी ऐकून घेते. आत काही हलत नाही.

जोडीला रमिलाबेन. इथलीच, तोंडाने फटकळ. सुपरवायझर देवरे साहेब, नाशिकचे.

मंगळ., ६ जाने.
साहेबांनी पाण्याची ट्रॉली समजावली. चार नळकांडी. पहिल्यात गाळ अडतो. दुसऱ्यात कोळसा, तो क्लोरीन खातो, नाहीतर पुढचा पडदा खराब होतो. तिसरं आरओ, घरी असतं तसंच, पण मोठं. त्यातलं बरंच पाणी वाया जातं, र.बेन ते जीव तोडून बादलीत धरते. चौथ्यात रेझिन, भिजल्या साबुदाण्यासारखे पिवळे दाणे. आरओतून जे निसटतं ते हे दाणे धरून ठेवतात. पाण्यातले क्षार मोजायचा मीटर लावून दाखवला. बोअरचं पाणी तीनशेच्या वर, आरओनंतर दहा-बारा, शेवटी शून्य.

म्हणाले, "ताई, तुमच्या पातेल्यावर पांढरं धरतं ना? पाणी उडून जातं, क्षार राहतात. काचेवरचा डाग तोच. पाण्यात काही नसेलच तर मागे काय राहणार?"

ते पाणी थोडं पिऊन पाहिलं. कशाचीच चव नाही. पण गेले तीन-साडेतीन महिने मला भाकरीलाही चव नाही, तेव्हा पाण्याला काय नावं ठेवायची.

गुरु., ८ जाने.
गलोंडा. एका कारखान्याचं ऑफिस. धुऊन झालं आणि काच निथळत होती. बाईमाणसाला ओलं बघवतं का? हाताशी होत्या तेवढ्या काचा ओढणीने पुसल्या. लख्ख, असं वाटलं. वाळल्यावर बघते तर वर सगळं स्वच्छ आणि मी पुसलं तिथे ढगासारखे फराटे. गेटवरचा वॉचमन हसला. साहेब आले, "पुसायचं नाही, ताई. ओलं सोडून द्यायचं. हात शिवशिवले तर पाठीमागे बांधा."

परत धुतलं. ओलं सोडलं. फार अवघड गेलं.

रविवार
भाजी, दळण. आईंच्या गुडघ्याला तेल. (आई म्हणजे सासूबाई. माझी आई नाही आता.)

बुध., १४ जाने.
उत्तराण, म्हणजे आपली संक्रांत. सुट्टी. सगळी पोरं घरांच्या धाब्यांवर, पतंग. हळदीकुंकवाला बोलावणं नव्हतं. र.बेन मात्र तिळाची चिक्की घेऊन आली, म्हणे हमारे में ऐसा कुछ नहीं होता, खा. खाल्ली. गोड असणार.

ती गेल्यावर आई जवळ येऊन बसल्या. "एकदाव रडी ले वं पोरी." यांना आणलं तेव्हाही रडले नाही, त्यावरून भाऊबंदांत बोललं गेलं, ते आईंना लागलंय. मी कुठे मुद्दाम करते? येत नाही. डोळे कोरडे म्हणजे कोरडे. आईंचा तरी मुलगा होता, त्यांनी रडून घेतलं.

शुक्र., १६ जाने.
साहेबांनी बाजूला बोलावलं. बूट बघत बोलत होते. सोमवारी खडोली. तीच इमारत. यांचा पाळणा सुटला ती.

म्हणाले, नको असेल तर सांगा. पण दोघींशिवाय ट्रॉली चालत नाही, तुम्ही नाही तर दुसरी बाई बघावी लागेल. काम गेलं तर इथली खोली गेली. मग नंदुरबार, दिरांच्या घरात आम्ही दोघी, जाऊबाईंच्या ताटाखालची मांजरं.

"करते" म्हटलं. एक अट घातली. एका दिवसात उरकायचं. त्या भिंतीखाली दुसऱ्यांदा उभी राहणार नाही. साहेब म्हणाले, शब्द दिला.

आईंना सांगितलं. "तठे जाऊ नको वं." मग डब्याला काय देऊ, विचारलं. त्यांनाही दिरांकडे जायचं नाहीये.

सोम., १९ जाने.
खडोली. आतून दगड. बरंच झालं. समोरची बाजू, मग रस्त्याकडची. मागची शेवटी घेतली, मुद्दाम. मागच्या बाजूला कोपऱ्यातल्या, चौथ्या मजल्यावरच्या काचेपाशी हे होते. खाली फरशी नवी बसवलीय. त्या फरशीवर उभं राहूनच काठी धरायची. धरली.

ती एकच काच राहिली होती. काठी लावायच्या आधी मीटर बघायचा, सवय झालीय. शून्य नव्हतं. तीन. मग आठ. मग अकरा. रेझिन संपलं. दुसरं आणलेलंच नाही, आहे तेवढं पुरेल असं वाटलं होतं.

साहेबांना फोन. "तेच पाणी मारून टाका ताई, मी शब्द दिलाय तुम्हाला. वर कुणाला दिसतंय?" र.बेनही तेच, "जवा दे ने बेन, उपर कोण जोवानुं छे?" खरं होतं. दोन मिनिटांत सुटले असते. परत यायला नको.

पण वाळल्यावर तिथे डाग राहिले असते. बाकी इमारत स्वच्छ आणि तेवढ्याच काचेवर ठिपके. यांना काचेवर एक ठिपका चालायचा नाही. घरातला आरसासुद्धा नखाने खरवडत बसायचे.

कॉक बंद केला. "नाही मारायचं. शून्य झाल्यावर मारू." र.बेन म्हणाली, "पागल छे तू? एक दिवसाची अट कुणी घातली?" मीच घातली होती. ट्रॉली आवरली. निघताना वर बघितलं. धुळीची काच. पहिल्यांदाच बघितलं तिकडे.

मंगळ., २० जाने.
साहेब चिडले नाहीत. फक्त विचारलं, परत याल ना, की दुसऱ्या कुणाला पाठवू? मी म्हटलं, मीच येते. का म्हटलं, ते मलाच कळलं नाही. रेझिन वापीहून उद्या. म्हणजे गुरुवारी खडोली.

संध्याकाळी आईंनी विचारलं, झालं का तठलं काम? म्हटलं, एक काच राहिली. कोणती, ते विचारलं नाही त्यांनी. ताट वाढलं. वांग्याची भाजी.

दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "आई, मीठ जास्त झालंय."

आई हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चाखून बघितली. खरंच जास्त होतं.