तुझ्या घरचं पाणी

प्रिय ठमे,

तू फोन ठेवलास तेव्हापासून तुझं एकच वाक्य डोक्यात घोळतंय. बाळंतपणाला येऊ नकोस म्हणालीस, माझ्या घरचं पाणीसुद्धा तुला चालत नाही म्हणालीस. त्यामागचं कारण वेगळंच आहे. ती फोनवर बोलायची गोष्ट नव्हती, आणि तुझ्या शेजारी सासूबाई बसलेल्या असतात हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहितेय. आधी नीट वाच, फाडायचं तर मग फाड.

इकडे आमचं तपासणी शिबिर चालू आहे. शाळेचे दोन वर्ग मिळालेत. फळ्यावर पाढे तसेच आहेत आणि त्याखाली बाकं जोडून टेबल केलंय. बाळंतपणात आतून इजा झालेल्या बायका शोधायचं आमचं काम. मूल फार वेळ अडकून राहिलं की आत भोक पडतं, मग लघवी धरवत नाही, रात्रंदिवस गळत राहते. विचारलं तर एकही हो म्हणत नाही. सोबत सासू नाहीतर जाऊ असते, तिच्यादेखत कोण तोंड उघडणार? मग डॉक्टरीणबाई नळीने मूत्राशयात निळं पाणी सोडतात, खाली पांढरी पट्टी ठेवतात, आणि मी बाईला व्हरांड्यात फिरवते. फिरवताना नवऱ्यांची यथेच्छ नालस्ती करते, त्यावर एखादी खुदकन हसतेही. मग पट्टी काढायची. निळी निघाली की पुढे बोलायला काही उरत नाही.

सुरुवातीला आमची मोठी फसगत झाली. तेव्हा निळं पाणी नव्हतं, नुसते कपडे ओले आहेत का ते बघायचो. बायका कोरड्याठाक यायच्या आणि आम्ही त्यांना ठणठणीत म्हणून घरी पाठवायचो. नंतर उमगलं की चारचौघांत जायचं म्हटलं की या बायका आदल्या दिवसापासून पाण्याला शिवत नाहीत. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, पण घोट घ्यायच्या नाहीत. आता मी दारातच कळशी घेऊन उभी असते. मला सगळे पाणीवाली मावशी म्हणतात. तुला हसू आलं असेल, कडू का होईना.

परवा तुझ्याच वयाची एक मुलगी आली. बस म्हटलं तरी बाकावर बसेना, भिंतीला टेकून उभी राहिली. कळा देत दोन दिवस घरातच पडून होती. पहिलटकरीण आहे, वेळ लागायचाच, असं सासू म्हणत राहिली. बाळ गेलं. नवऱ्याने हिला माहेरी आणून सोडली ती सोडलीच. पट्टी निळीशार निघाली. बरं होईल ना मावशी, असं विचारत होती. पुष्कळ जणी बऱ्या होतात, असं मी सांगितलं, आणि ते खरंच आहे. सगळ्याच होत नाहीत, हे मात्र माझ्याने सांगवलं नाही.

तुझ्या सासूबाई मनाने वाईट नाहीत. पण आमच्याकडे सगळी घरीच झाली, पहिल्याला वेळ लागतो, हे त्या तुला सांगतात ना, तेच शब्द तुझ्या वेळी मी दोन रात्री ऐकले आहेत. तू जगलीस याचं सगळ्यांना नवल वाटलं. आणि मी तेव्हापासून गळतेय, ठमे. दोनदा ऑपरेशन झालं, टाके धरले नाहीत. तू लहानपणी माझ्या अंथरुणात शिरायला बघायचीस आणि मी खेकसून तुला आत्याकडे पाठवायचे, ते यासाठी. तुझ्या घरी आले तेव्हा सकाळपासून थेंबही घेतला नव्हता. विहीणबाईंनी पाणी दिलं, चहा पुढे केला, चारदा आग्रह केला, आणि मी तोंड फिरवलं. मी त्यांच्या नव्या गादीवर बसले होते गं. मी तोऱ्यात आहे असं त्यांना वाटलं. गादी भिजण्यापेक्षा तोरा बरा, असं मला वाटलं. तुला कधी सांगितलं नाही, कारण आईला हे कुणाच्या जन्मापायी झालं, हे तू मनाला लावून घेतलं असतंस. तुझा काडीचा दोष नाही. दवाखान्यात न्यायचं सोडून नुसती वाट बघत बसले, त्या सगळ्यांचा आहे.

आज सांगतेय कारण तुझे दिवस भरत आलेत. पहिली कळ आली की दवाखाना गाठायचा, दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. हे पत्र सासूबाईंना दाखव, मोठ्याने वाचून दाखव. माझी लाज तुझ्या कामी येत असेल तर खुशाल वापर. मी शनिवारी येतेय. रबरी कापड आणि जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन येईन, जमिनीवर तुझ्या शेजारी झोपेन. वास येईल, खिडकी उघडी ठेव. आणि मी दारात आले की आधी तांब्याभर पाणी दे. सगळं पिईन.

तुझीच,
आई