पप्पांचा अर्धा ग्लास

लीड्स, ९ नोव्हेंबर १९९७

ती. बर्था आत्यास,
टिफनीचा सा. न. वि. वि.

पप्पा मार्कला भेटायला तयार आहेत हे वाचून मी हॉस्पिटलच्या वॉर्डात नाचायचीच बाकी होते. पुढची ओळ मात्र दोनदा वाचली. म्हणजे आपली रीत त्यालाही लागू! मुलाकडच्यांनी स्वतःच्या गावची बाटली आणायची, पहिला ग्लास मुलीच्या बापाचा. रिकामा केला तर होकार, भरलेला खाली ठेवला तर विषय संपला. काकांच्या सुझानच्या वेळी त्या लोकांनी विमानतळावरची व्हिस्की आणली, तर काकांनी तुमच्या गावात काहीच होत नाही का असं विचारून ग्लास ठेवला होता. मी विसरलेले नाही.

मार्कच्या गावात एल बनवणारी जुनी छोटी भट्टी आहे. एल म्हणजे इकडची गडद बिअर. मार्कच्या वडिलांना वाटतं, तुमच्या उष्ण हवेत हलकीच बरी. मी शनिवारी तीन प्रकार चाखले. हलकी अगदीच पुळकवणी. दुसरी, बिटर, कडवट पण सभ्य. तिसरी काळसर, कडक, काकवीच्या वासाची आणि मागाहून कडू. अर्ध्या ग्लासात माझे कान तापले. कोणती पाठवू? आत्या, मला लग्न मार्कशीच करायचंय, पण पप्पांना दुखवून नाही.

तुझ्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
टिफनी


नंदाखाल, २४ नोव्हेंबर १९९७

चि. टिफनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तिसरी! विचारायचं काय त्यात? जो माणूस कारलं गुळाशिवाय खातो आणि बिअरला साबणाचं पाणी म्हणतो, त्याला सभ्य बाटली देऊन काय उपयोग? आणि शनिवारी तीन चाखल्यास ते मी त्याला सांगितलेलं नाही.

तो मार्कवर रागावलेला नाही गं. तुझी मम्मी, उर्सुला वहिनी, गेल्यापासून तो घरात कमी नि केळीच्या वाडीत जास्त असतो. तू तिकडची झालीस की आपलं असं काही उरणार नाही, ही भीती त्याच्या पोटात आहे. तोंडाने कबूल करायचा नाही.

तुझी माया आहेच, ती त्याला पत्रातून कळवत जा.
तुझी आत्या


लीड्स, १२ डिसेंबर १९९७

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मार्क आणि त्याचे वडील नाताळाच्या दुसऱ्या दिवशी पोचतील. मला ड्युटीतून सुट्टी नाही, म्हणून एक गोष्ट नीट वाच. या बाटल्यांत जिवंत यीस्ट असतं, तळाशी गाळ बसतो. बाटल्या दिवसभर उभ्या ठेवायच्या, फ्रिजमध्ये अजिबात नाही, आणि हळूच ओतायच्या. ढवळलं तर ग्लासात चिखल दिसेल.

सगळं तुझ्यावर सोपवून,
टिफनी


नंदाखाल, २८ डिसेंबर १९९७

चि. टिफनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी आलं. बाटल्या परवाच आल्या होत्या! पाहुण्यांची बिअर गरम कशी द्यायची, म्हणून मी त्यांच्या हातून काढून घेतल्या आणि फ्रिजमध्ये माशांच्या डब्यामागे आडव्या कोंबल्या. मार्कचे वडील काहीतरी सांगत होते. मला वाटलं, आभार मानताहेत.

काल दुपारी सगळा गोतावळा जमला. माझ्या ज्युलियसने बाटली धसमुसळेपणाने ओतली आणि ग्लासात ओहोळाचं पाणी उतरलं. मार्कचे वडील लालबुंद झाले, दुसरी उघडू म्हणाले. तुझ्या पप्पाने हातानेच थांबवलं. ग्लास उजेडात धरला, हुंगला, अर्धा प्यायला. मग उठला, ग्लास हातात घेऊनच स्वयंपाकघरात गेला आणि दार लोटून घेतलं. रिकामा केला नाही, खालीही ठेवला नाही. असं आपल्या घरात कधी झालेलं नाही. विचारलं तर म्हणतो, मी टिफनीलाच लिहीन. मार्क बिचारा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहतो. मला माफ कर गं पोरी.

अपराधी,
आत्या


नंदाखाल, ६ जानेवारी १९९८

चि. टिफनीस,
पप्पांचे आशीर्वाद.

हे पत्र मार्कच्या हाती देतोय. त्याला वाचता येणार नाही, तेव्हा काय ते तूच सांग.

ग्लास गढूळ होता, पण वास आला आणि मी हललो. तुझी मम्मी सणाला मैद्याचे गोल फुगे तळायची, त्यांचं पीठ ताडीच्या साक्यावर, तळच्या गाळावर, भिजवायची, तोच आंबूस वास. आपल्याकडे ताडी काढणारा जेकब गेला, त्यानंतर मम्मीही गेली. पाच वर्षं आपण दुकानातल्या यीस्टच्या पुडीचे फुगे खातोय, सणाला गोड मानून. अर्धा ग्लास मी प्यालो. कडक आहे, निवड चांगली केलीस. उरलेला अर्धा, गाळासकट, मैद्यात ओतला. वाटलं होतं, फ्रिजमध्ये राहून तो गाळ मेला असेल. दोन दिवस काही झालं नाही, तिसऱ्या सकाळी पीठ पातेल्याबाहेर आलं होतं. बर्थाने तळले. मी पहिला खाल्ला आणि रडलो, मार्कच्या देखत. तो उठून गेला नाही, नुसता शेजारी बसून राहिला आणि दुसरा मागून घेतला.

काल पुन्हा तळले, त्यातले बारा डब्यात पाठवलेत, गरम करून खा. त्याच्या वडिलांना सांग, मे महिन्यात येताना आणखी बाटल्या आणा. गाळ टाकू नका. आपल्या लग्नाला फुगे हजारावर लागतात.

तुझा,
पप्पा