छताचा शेंदरी रंग

शुक्रवार, ६ मे १९८३. दिवेलागण.

ट्रॅक्टरवर छत चढलं. डोक्यावरचं ऊन टळलं, बरं वाटायला हवं होतं. पण तो शेंदरी रंग डोळ्यांपुढून हलत नाही.

माझा साळा वामन साकोलीला वेल्डिंग करतो. पाइप त्यानेच आणले, काळे रंगवलेले. दुपारी जोड घासताना काळ्याखालून शेंदरी निघालं. आमच्या मारुतीच्या मांडवाचे पाइप असेच शेंदरी आहेत. सप्ताहानंतर त्यातले काही नाहीसे झाले, ते आजवर सापडले नाहीत.

मी विचारलं, "पाइप कुठून आणले?"

तो हसला. "पाइपाचं गोत्र काहून इचारून राहिले, भाऊजी? पोरगी द्याची हाय का त्याले?"

"मग हा रंग?"

"प्रायमर होय ते. गंज नाई लागत त्यानं."

असेलही. बायकोच्या भावावर उगाच संशय घेतो आहे का मी?

पण वामन कुणाच्या घरातही चपला काढत नाही. सासूबाई ओरडून थकल्या. आज छत उभं झाल्यावर बोल्ट आवळायला वर चढताना मात्र त्याने चपला खाली काढल्या. तापलेल्या लोखंडावर अनवाणी चढला. पाय घसरू नये म्हणून?

प्रायमर लावलेल्या साध्या पाइपांसाठी कुणी चपला काढतं का?

उद्या शनिवार. नव्या छताचा नारळ मारुतीपुढे फोडायचा आहे. वामनला ट्रॅक्टरवर सोबत नेईन, मांडवाच्या उरलेल्या पाइपांशी छताचे पाइप ताडून पाहीन. नारळाच्या पिशवीत बोल्ट सोडायचा पानाही टाकून ठेवला आहे.