मधले तास

८ जानेवारी २०२४, सोमवार
आज पुन्हा! तिसरीला सातचा पाढा देत होते — त्यानंतर आठवते ती थेट सुट्टीची घंटा. मधला दीड तास कुठं गेला? फळा माझ्याच अक्षरानं भरलेला. पोरांनी वह्यांत उतरवूनही घेतलेलं.

सोमनाथला बोलले नाही. नवऱ्याला काय सांगू — वर्गात होते आणि नव्हतेही?

१२ जानेवारी, शुक्रवार
शाळेतून वडवणीला घरी यायचं, तर भानावर आले पार बीडच्या पलीकडं, शिरूर कासारच्या स्टँडवर. म्हणजे बीडला गाडीसुद्धा बदलली असणार! एका बाईनं हात धरून बाकावर बसवलं. "कोणाच्या घरच्या तुमी?" मला नाव सांगता येईना.

तिनंच माझ्या फोनवरून सोमनाथला बोलावलं. तो मोटारसायकल घेऊन आला. घरी आल्यावर एवढंच — "लई भ्यालो गं."

सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. "बाहेरचं हाय. दवाखाना कशापायी?"

२० जानेवारी, शनिवार
बीडला गेलो. समुपदेशक बाईंनी विचारलं, "हे कधीपासून?" दसऱ्यापासून. "दसऱ्याला काय झालं?"

मीच बोलले. दसऱ्याला, आठव्याच महिन्यात मुलगी झाली. दोन दिवस जगली. पंधराव्या दिवशी मी शाळेत — रजा होती, पण घरात बसवेना. घरी तिचा विषय कुणी काढत नाही. आणि ते दोन दिवस मला आठवतच नाहीत. तिचं तोंडसुद्धा.

"डोकं फिरलेलं नाही तुमचं," बाई म्हणाल्या. "सोसवत नाही तेव्हा मन बाजूला होतं." तसं व्हायला लागलं की पाय जमिनीला घट्ट टेकवायचे, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची.

२५ जानेवारी
फळा, खडू, खिडकी, घागर, पहिल्या बाकावरच्या आरोहीची लाल रिबन! वर्गातच राहिले!

२ फेब्रुवारी, शुक्रवार
उद्या परत बीड. सासूबाई चुलीपाशी पुटपुटल्या, "दोन दिसाच्या लेकराचं किती करायचं?"

ओरडले त्यांच्यावर — सहा वर्षांत पहिल्यांदा. "तुम्हाला काय कळणार!" त्या उठून बाहेर गेल्या. जेवल्याही नाहीत.

३ फेब्रुवारी
सकाळी निघाले तर सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पायरीवर बसलेल्या. म्हणाल्या, "ऊसतोडीला गेलतो, तवा माझं पयलं लेकरू गेलं. ते अख्खं साल मला आठवत न्हाई, योगिता. कुणाला बोलले न्हाई. त्या बाईला इचार — मी आले तर चालंल का?"