घरच्यांची खोली पलीकडे

३ नोव्हें., सोम. दिवस ५
हात अजून थरथरतोय. दुपारी लॅबमध्ये रक्त काढताना पेशंट म्हणाला, "मॅडम, नवीन का?" बावीस वर्षं हेच करतेय मी! बाकीची सॅम्पल्स आज दुसरीला दिली.
डॉक्टरीणबाईंनी पत्ता दिला. दारू सोडणाऱ्यांचा ग्रुप, सातपूरला एका शाळेत, गुरु. आणि रवि., संध्या. साडेसहा. फोन केला तर पलीकडचे गृहस्थ विचारतात, "मिस्टरांचं वय किती?" पत्ता पक्का केला नि ठेवून दिला. संजय अठ्ठेचाळीसचा. खोकल्याचं औषधसुद्धा आधी वास घेऊन मग पितो तो. पिणारी मी.

६ नोव्हें., गुरु. दिवस ८
गेले. कंपन्या सुटलेल्या, रस्ताभर मोटरसायकली. दारात निकम नावाचे रिटायर्ड काका, थर्मासमधून चहा ओतत होते. मी तोंड उघडायच्या आत, "या वहिनी. घरच्यांची खोली पलीकडे."
आणि मी गेले! मुकाट!
पलीकडे नऊ बायका, नऊ जणींचे नवरे अलीकडच्या खोलीत. आणि समोर कोण, तर आमच्याच सोसायटीतल्या, बी विंगच्या बोरस्ते वहिनी. त्यांनी माझा हात धरला.
"कधीपासून?"
"सहा वर्षं."
"मारतात?"
"नाही."
"नशीब काढलंस बाई."
एक शब्द खोटा बोलले नाही, तरी सगळं खोटं. चहा मात्र चांगला होता.

७ नोव्हें., शुक्र.
संजयला सांगितलं. आधी हसला. मग म्हणे, "जा की तिथंच. निदान बसायला तरी मिळतं." मला नुसतं बसायला नकोय. मला –
जाऊ दे.

१३ नोव्हें., गुरु. दिवस १५
नाही गेले. रविवारी पण नव्हते गेले. कुठल्या खोलीत जाऊ?
घरी येताना नेमका दारूच्या दुकानासमोर सिग्नल लाल. हेल्मेटच्या आत शिव्या दिल्या, कुणाला ते माहीत नाही. घरी येऊन दोडका केला, अर्धा करपला. पण प्यायले नाही. लिहून ठेवते, प्यायले नाही.

१५ नोव्हें., शनि. दिवस १७
बोरस्ते वहिनी सकाळी सासूबाईंना देवळात भेटल्या. कळवळ्यानंच बोलल्या असणार. खोलीतलं खोलीत ठेवायचं असतं म्हणे! डोंबल.
आईंनी घरी येऊन संजयला देवासमोर उभं केलं. "खरं सांग, पितोस?" आणि हा शहाणा "हो" म्हणाला. पुन्हा शिवणार नाही अशी शपथसुद्धा घेतली. आई रडल्या, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, हातावर साखर ठेवली. मी लॅबमधून आले तेव्हा सगळं उरकलेलं.
"का केलंस?"
"तुझं नाव आलं असतं तर आईनं घर डोक्यावर घेतलं असतं. माझं काय, पुरुष पितात. चालतं."
चालतं! तुझं चालतं, माझं चालत नाही, म्हणून माझी शपथ पण तूच घेणार? किती ओरडले. मग रडले. चांगला आहे मेला, तीच तर पंचाईत. पण माझी दारू मी त्याच्या नावावर करणार नाही.

१६ नोव्हें., रवि. दिवस १८
"वहिनी, पलीकडे–"
"पलीकडे नाही, इथेच. पिणारी मी आहे."
निकम काकांचा चहा बशीत सांडला. "बायकांसमोर मंडळी मोकळं बोलत नाहीत हो."
"मग गप्प बसा. मी बोलते."
बसले. "मी वैशाली. मी दारू पिते. आज अठरावा दिवस." पुढचं नीट आठवत नाही. साड्यांमागची बाटली सांगितली. मुलीचा बारावीचा रिझल्ट लागला तेव्हा मी शुद्धीत नव्हते, तेही सांगितलं. कुणी हसलं नाही. मागून एक कामगार, अजून कंपनीच्या युनिफॉर्मवर, "बसू द्या ना काका. ताईंची दारू काय येगळी हाय का?"
निकम म्हणाले, मी एकटा ठरवू शकत नाही, गुरुवारी सगळे मिळून ठरवू. ठरवा की. मी तोवर खुर्ची सोडत नाही.
घरी येताना मोठ्यानं गाणं म्हटलं. बेसूर.

१९ नोव्हें., बुध. दिवस २१
आज आईंना सांगितलं. मुद्दाम संजय ऑफिसात असताना, नाहीतर परत मध्ये पडला असता. त्या मेथी निवडत होत्या.
"आई, संजयनं कधी थेंबही घेतलेला नाही. पिणारी मी. तो खोटं बोलला, माझ्यासाठी."
हात थांबले नाहीत. पान इकडे, देठ तिकडे.
"देवासमोर?"
"हो. देवासमोर."
आईंनी दुसरी जुडी सोडली. मी उठले नाही. महिन्यापूर्वी असतं तर उठून सरळ कपाटाकडे गेले असते. आज समोर फतकल मारून बसले, म्हटलं काय शिव्या द्यायच्या त्या द्या. मेथी संपली.
"किती वाजता असतं ते?"
"साडेसहाला. उद्या आहे."
"बरं."
भाजी घेऊन आत गेल्या. ते बरं कसलं, देव जाणे. जा म्हणतायत, की गेलीस तर परत येऊ नको म्हणतायत? विचारायला गेले नाही. तिकडे खोलीत उद्या काय ठरणार तेही माहीत नाही. ठरू दे त्यांचं, ठरू दे आईंचं. मी सहाला निघणार आहे.