वेताची खुर्ची

मोताळा, ज्येष्ठ वद्य सप्तमी, संध्याकाळ

कॉलेजात माझं नाव लागलं नाही. घरी अजून सांगितलेलं नाही. मॅट्रिकला पहिला वर्ग, पण नागपूरला मुलाखतीत ते कुणी विचारलंच नाही. प्रिन्सिपॉल साहेबांनी वेताच्या खुर्चीकडे हात केला, म्हणाले, बसा. मी उभाच. पुन्हा म्हणाले, तरी उभा. थोरांसमोर बरोबरीनं कसं बसायचं? आणि पहिल्या सांगण्यावर आपल्याकडे बसतं तरी कोण? तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. दोन प्रश्न, आणि संपलं.

माझ्यामागचा मुलगा आत गेला आणि लगेच खुर्ची करकरली. त्याचं नाव लागलं. कारकून मला म्हणाला, "साहेबांना तुम्ही अडेल वाटलात."

अडेल. मी? ती खुर्ची डोळ्यांपुढून जात नाही.

मघाशी ओसरीवर बाबांनी विचारलं, "साहेबानं खुर्ची देल्ली का रे तुले?"

"दोनदा म्हणाले, बसा."

"मंग?"

"उभाच राह्यलो."

बाबा कितीतरी दिवसांनी हसले. शेजारच्या काकांना म्हणाले, "पाह्यलं? पोराले वळण हाये." मग माझ्या पाठीवर हात ठेवून, "तुह्यं काम झालंच समज."