पंपाशिवायचं भाषण

७ जून, मंगळवार

बोलावणं आलं! तालुक्याचे अकीम, म्हणजे प्रमुख, मेदेरबेक यांना भाषण हवंय. सतरा तारखेला चोलपोन-बुलाक गावात नळयोजनेचं उद्घाटन. बत्तीस वर्षं शाळेत निबंध शिकवले, निवृत्त झाले, आता अकीमच्या कचेरीत तेच करते; तिथे सगळ्यांची 'एजे', म्हणजे ताई. विद्यार्थी तेवढे जाडे झालेत.

"बुरमाकान एजे, दहा मिनिटांचं करा. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

आधी नळाला येऊ दे! (मनात म्हटलं. पेन्शन तुटपुंजी आहे.)

८ जून

आराखडा नेला. आरंभ, मध्य, शेवट.

"मध्यात काय?"

"पंप अजून आलेला नाही, हे. आणि कधी येणार, ते."

अकीमच्या हाताखालची जीपारा खुर्चीतून उठलीच. "एजे, लग्नात कुणी नवरीचे दोष वाचतं का?"

मध्य गेला. राहिला आरंभ आणि शेवट. शाळेत असता तर पाचापैकी दोन गुण दिले असते, तेही अक्षर बरं म्हणून.

१० जून

प्रांताहून मोठे पाहुणे येणार. जीपाराला त्यांचं नाव तीनदा हवं. पशुवैद्य म्हणतो, मेंढ्यांच्या लशीबद्दल दोन ओळी घाला. अकीमना स्वतःची आई हवी.

"आई कुठे घालू?"

"टाळ्या कमी पडतील तिथे."

१३ जून

आकडे घ्यायला गावात गेले. दोनशे चौदा नळ, प्रत्येक अंगणात एक, लखलखीत! कुणी लगाम अडकवलाय, कुणी पिशवी. सायराकान आपा ऐंशीच्या पुढच्या. गाढवावर दोन कॅन लादून ओढ्यावरून येत होत्या. जायला अर्धा तास, यायला त्याहून जास्त.

"भाषण लिहायला आलीस होय? लिही, लिही. तहान लागली की वाचू."

चहा दिलाच. मी अर्धाच घेतला. त्या चहाचं पाणी कुठून आलं ते नुकतंच पाहिलं होतं.

१५ जून

तालीम. लांब वाक्यात शिरले की अकीमसाहेब धुक्यातल्या मेंढीसारखे फिरत बसतात. म्हणून भाषणाखेरीज एका पानावर मुद्दे काढून दिले. काय बोलायचं, कुठे थांबायचं, काय अजिबात बोलायचं नाही. डोकं तापलेलं होतं, जरा जास्तच स्पष्ट लिहिलं. दोन्ही कागद लाल फायलीत.

जीपाराची युक्ती: शाळेमागे टँकर उभा करायचा, लपवलेल्या नळीने एकाच नळाला पाणी. मोठे पाहुणे तोच उघडणार.

१७ जून, शुक्रवार

आत्ताच गावातून परतले.

उंच पांढऱ्या टोप्या घालून गावचे म्हातारे पुढे बसलेले. तळलेल्या बोरसोकचे ढीग, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमीसचे वाडगे. अकीम उभे राहिले, फाईल उघडली आणि चुकीचं पान वाचायला लागले! संथ, खणखणीत आवाजात —

"एक. ज्येष्ठांना वंदन. दोन. आईची आठवण. इथे आवाज थोडा कापावा. तीन. नळ दोनशे चौदा, हे सांगावं. पंप आलेला नाही, हे सांगू नये."

मी खुणा केल्या. खोकले. जीपाराने डोळे मिटून घेतले.

"चार. पाणी कधी, असं विचारल्यास 'लवकरच' म्हणावं. तारीख देऊ नये. पाच. नळ उघडताना शाळेमागच्या टँकरकडे बघू नये."

सगळं गाव वळून शाळेमागे बघायला लागलं. मोठे पाहुणेसुद्धा!

सायराकान आपांचाच आवाज आधी आला. "अरे मेदेरबेक, मग तारीख दे की!"

पाहुण्यांच्या मानेवर घाम. दहा दिवसांत पंप येईल, असं त्यांच्या तोंडून निघालं. चारशे लोकांनी ऐकलं.

१८ जून

जीपारा घरी आली. "वाट लावलीत, एजे! दोन कागद एका फायलीत ठेवतं का कुणी?" कामावरून काढलं. लेखी कबुली मागितली. 'चूक माझी' असं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

२२ जून

पंप आला! पाचव्या दिवशी! गावातल्या बायकांनी मला मिठ्या मारल्या, पोतंभर जर्दाळू दिले. 'एजेची चूक' असं जो तो म्हणतोय. मी हसले. जरा ताठ मानेनेच चालले, खोटं कशाला लिहू? बत्तीस वर्षांत लाल शाईने इतक्या चुका काढल्या, पण इतकी गुणी चूक पाहिली नव्हती.

२४ जून

मेदेरबेकला पदावरून काढलं. संध्याकाळी एकटाच आला, दारातच उभा राहिला. म्हणाला, "एजे, ती कबुली परत मागून घ्या. दोन्ही कागद मी आदल्या दिवशी घरी वाचले होते. आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, 'छोटा वाच.'"